किटली

किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं,
तेमिरकुलने शिकवलेली ही एकच गोष्ट मी पाळते.
क्षणभर सगळे दिवे लागतात:
बॅटरी, ब्रेक, पट्टा बांधलेला इवला माणूस,
आणि तेलाचा लाल,
चोचीतून थेंब गळणाऱ्या किटलीसारखा.
हजेरी देतात.
'जो लागलाच नाही, त्याला भ्यायचं,' म्हणायचा.

तरी इंजिनाच्या पिवळ्या दिव्यावर
त्यानेच काळी चिकटपट्टी मारली होती.
'हा उगाच बोंबलतो.'
चार हिवाळे पट्टीखाली काय चाललंय
आम्ही पाहिलं नाही.
खोकलाही त्याने असाच अंगावर काढला.

आज नारीनहून निघाले तेव्हा मागे तिघं:
हिशेबनीस जानिबेक,
बिश्केकला शिकायला चाललेली एक पोरगी,
आणि कुमीसचा डबा मांडीवर धरलेली तिची मावशी.
दोलोनच्या चढावर,
रेडिओ खरखरायला लागतो तिथे,
किटली लागली.
विझली.
पुढच्या वळणावर पुन्हा लागली आणि लागूनच राहिली.

'चहाची वेळ झाली वाटतं,' मावशी हसली.
जानिबेक म्हणाला, रेट गं घाटमाथ्यापर्यंत,
पलीकडे माझा मेहुणा आहे.
पिवळा असता तर रेटलंही असतं.
पिवळ्याशी घासाघीस करता येते.
मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.
इतका वारा होता बाहेर,
आत कळलाच नव्हता.

तेलाची काडी रुमालाला पुसली, बुडवली, काढली.
कोरडी. टोकाला फक्त एक काळा ठिपका.
'तेमिरकुल असता तर एव्हाना पोचवलं असतं,'
जानिबेक पाय आपटत म्हणाला.
हो, म्हटलं.
पोचवलंच असतं.

तासाभराने कोळशाचा एक ट्रक थांबला.
ड्रायव्हरने चार लिटर तेल दिलं, दुप्पट पैसे घेतले,
वर वाडगाभर कुमीस प्याला
आणि गळती कोचकोरला दाखव म्हणाला, माझ्याकडे न बघता.

किल्ली अर्धी फिरवली. थांबले.
मग नखाने ती चिकटपट्टी खरवडली.
तिच्याखाली पिवळा जागाच होता.
इंजिन लागलं, किटली विझली,
तो नाही विझला.
जानिबेक काही बोलणार होता, पोरीने त्याला कोपर मारलं.

पट्टीचा गोंद तेवढा बोटाला राहिला.
कोचकोर येईपर्यंत
गिअर टाकताना दर वेळी
हात जरा उशिरा सुटत होता.