हेल्दुरच्या डाव्या हाताला

तार्तूत नोव्हेंबरात दुपारीच दिवे लागतात.
नदीवरची थंडी सभागृहाच्या मागच्या दारानं शिरते
आणि आमच्याआधी जाऊन खुर्च्यांवर बसते.
माझी खुर्ची दुसरी. ओबो दुसरा.
हेल्दुरच्या डाव्या हाताला, एकोणीस वर्षं.

तालमीआधी तो माझी खुर्ची चार बोटं मागे सारतो.
हातानं नाही. पायानं,
दारातली चप्पल सारावी तशी.
मी ती चार बोटं पुढे घेते.
इथे नमस्काराला ‘तेरे’ म्हणतात.
आमचं तेरे ते एवढंच.

मी चुकले तर तो वळून बघत नाही.
नुसता डावा कान खाजवतो.
साठ माणसांच्या वाद्यवृंदात
ती एवढीशी खरखर
मला नगाऱ्याहून मोठी ऐकू येते.

कंडक्टर येतात, ओरडतात, विमानानं परत जातात.
वादळाचं काय, ते गावचं नसतं.
गावचा असतो तो फटीतून येणारा वारा.

दुसऱ्या भागाच्या शेवटी माझा एक स्वर आहे,
अगदी तळाचा, आणि इतका हळू की नसल्यासारखा.
ओबोवाल्या कुणालाही विचारा,
तळाचा स्वर हळू उठत नाही.
एक तर येतच नाही,
नाही तर बदकासारखा येतो.
त्याच्या चौदा मात्रा आधी
माझ्या मांड्या मला न विचारता कापू लागतात.
डॉक्टर सार्मेबाईंनी अर्धी गोळी दिली.
कंप थांबला. भीती नाही थांबली,
ती फक्त शेजारी येऊन
गुडघे जुळवून गप्प बसली.

रात्री स्वयंपाकघरात मी पत्त्या तासते.
ओबोची पत्ती म्हणजे बोरूच,
दोन पाती समोरासमोर लावून दोऱ्यानं आवळलेली.
‘तुझा स्वर ओल्या मोज्यासारखा.’ सर्र.
‘तुला नेमलं कुणी?’ सर्र.
जिभेला हाड नसतं म्हणतात. बोरूला असतं,
पण रागानं तासलं की तेही उरत नाही.
फुटलेल्या सदतीस पत्त्या बिस्किटांच्या डब्यात आहेत.
टाकवत नाहीत.

लहानपणी व्होरूत माझ्या बाई, एल्फ्रीडे, म्हणायच्या:
ओबोवाला हवेवाचून मरत नाही गं,
हवा साठून मरतो.
एवढ्याशा फटीतून जाणार किती?
छातीत शिळी हवा भरलेली,
आणि तू वर ताजी कोंबतेस.
आधी सोड. मग घे.
मला वाटायचं, या वाजवण्याबद्दल बोलतायत.

फेब्रुवारीत, भर कार्यक्रमात,
हेल्दुरची पत्ती तडकली.
त्याच्या सोलोला वीस-बावीस मात्रा उरलेल्या.
त्यानं माझ्याकडे न बघता
मांडीवर तळहात उघडला.
पहिल्यांदाच पाहिला मी तो हात आतून.
अंगठ्यावर सुरीचे वण, माझ्यासारखेच.

डबीत सहा खाचा. पाच पत्त्या कामचलाऊ,
सहावी चांगली, माझ्या तळाच्या स्वरासाठी राखलेली.
खरं सांगते, बोटं आधी चौथीवर गेली.
तिथे थोडी थांबली.
मग सहावीवर.

तो वाजवला. असा वाजवला
की पहिल्या रांगेतली बाई खोकला गिळून बसली.
आणि मग माझी पाळी, ओठांत चौथी पत्ती.
मी सोडली. सगळी. ओला मोजासुद्धा.
मग घेतली चमचाभर.
स्वर आला,
दाराखालून उजेड येतो तसा.
कान खाजवला की नाही कोण जाणे,
त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर काड्यापेटी.
आत माझी पत्ती, धुऊन पुसून,
आणि पेन्सिलीनं: ‘डावी बाजू अजून जाड.’
आभार नाहीत. सहीसुद्धा नाही.
मी ती दिव्यासमोर धरली.
डावी बाजू जाडच होती.
मेल्यानं खरंच लिहिलं होतं.

तेवढ्यात खुर्ची मागे गेली. चार बोटं.
मी आधी श्वास सोडला.
मग पुढे घेतली.
पायानंच.