चौदा दिवस

शरणपूरच्या चर्चने चौदा दिवस दिले होते,
अंबडच्या कारखान्यातल्या जपानी घरांसाठी.
हनोखची पाच वाक्यं पाठ,
माझ्या पिशवीत पत्रिका, वर पिंपळगावची द्राक्षं.

मोरिवाकीबाईंनी आमच्या चपला वळवून ठेवल्या,
तोंडं दाराकडे.
आम्हाला वाटलं, जा म्हणतायत.

मग त्या एकेक द्राक्ष सोलत बसल्या.
साल बशीच्या कडेला, गर आमच्यापुढे.
मला वेलीचा दाखला सांगायचा होता;
वेलीला जपानीत काय म्हणतात, आठवेना.

बाराव्या दिवशी आतल्या खोलीत नेलं.
मुलाचा फोटो. पुढ्यात वाफाळता भात.
हनोख पाचही वाक्यं विसरला. बरं झालं.

अहवालात ‘किती जणांनी ऐकलं’
हा रकाना अजून कोरा आहे.
मी द्राक्षं सोलतेय.
आई म्हणते, येडे, अर्धं तर सालीतच गेलं.