पहिले दहा तास

जुन्या इंजिनाला बाबांनी कधी ओरडू दिलं नाही.
हॅलिबटची लांब दोरी ओढताना
तासन् तास ते बोटीच्या पाठीशी
नुसतं पुटपुटत असायचं.
"लेकराला दमवायचं नाही," म्हणायचे.
नऊ वर्षं.

मग एका ऑगस्टमध्ये मी डिपस्टिक काढली,
तर तेल वरच्या खुणेच्याही वर.
बाबा खूश. "बघ, थेंबभर खात नाही."
मी कांडी नाकाशी धरली.
पेट्रोल.
दोन बोटांत चोळलं तर धरच नाही,
चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं.

तेल कुठे आपोआप वाढतं?
फ्योर्डचं पाणी दोन अंशांवर,
इंजिन कधी नीट तापलेलंच नाही,
आणि सैल रिंगांच्या कडेने
न जळलेलं पेट्रोल गुपचूप उतरत गेलेलं
तेलाच्या घरात.

सप्टेंबरात ते हिमखंडांच्या मधोमध बसलं.
बाबांनी चार तास वल्ही मारली.
किनाऱ्यावरची कुत्री आम्हाला ओळखून भुंकली तरी
आमच्यात एक शब्द झाला नव्हता.

नवं इंजिन जूनमध्ये उमानाकहून जहाजाने आलं.
दुकानातल्या नील्सीनेने खोकं फोडलं,
वेष्टणावर पेन्सिलीने दहा रेघा मारल्या:
"तासाला एक खोड.
पहिला तास अर्ध्यावर.
दुसऱ्याला पाऊण, मधूनमधून मोकळं सोड.
पुढे पूर्णही, पण पाच मिनिटांच्या वर नाही.
एका सुरात चालवायचं नाही, पानिंग्वाक,
आणि वडिलांना हात लावू द्यायचा नाही."

तिनेच सांगितलं,
नव्या सिलिंडरची भिंत गुळगुळीत नसते.
तिच्यावर बारीक तिरप्या रेघा असतात, मुद्दाम कोरलेल्या.
रिंग त्यांच्यावर दाबली जाते, घासते, बसते.
ताण पडलाच नाही तर भिंतीचा आरसा होतो,
आणि आरशावर कुणी रुजत नाही.

बाबा नाळेवर बसले, माझ्याकडे पाठ.
मी वेग वाढवला, उतरवला, पुन्हा वाढवला.
बर्फाचे काळे तुकडे चुकवत
आम्ही काहीच न पकडता फिरत होतो,
रात्रीच्या अकरा वाजता, लख्ख उन्हात.
लोक काठावरून बघत असणार:
पोरगी पेट्रोल जाळतेय.

चौथ्या तासाला पहिल्यांदा पूर्ण.
बोटीचं नाक उचललं,
बाबांनी टोपी दाबून धरली
आणि खांदे असे वर घेतले
जणू कुणी त्यांच्याच अंगावर खेकसलंय.
मी घड्याळ बघत होते. दोन मिनिटं. तीन.
साडेचारला सोडलं.
त्यांचे खांदे सावकाश खाली आले.

पाचवी रेघ. सहावी. सातवीला धुकं,
म्हणून दोन दिवस घरीच.

दहाव्या तासानंतर इंजिन निवू दिलं.
कांडी काढली, पुसली, घातली, काढली.
दोन खुणांच्या मधोमध,
मधाच्या रंगाचं.
बाबांनी हात पुढे केला.
वास घेतला, पुन्हा घेतला,
मग कांडी बाहीला पुसून म्हणाले,
"ऑगुस्तलाही मी कधी ओरडलो नाही."

माझा भाऊ. ऑलबोर्गला असतो.
नाताळला फोन करतो, कधी तोही नाही.
मी म्हणणार होते, इंजिन म्हणजे माणूस नव्हे.
म्हणणार होते, तुम्ही चांगलेच होतात.
दोन्ही खरं होतं,
म्हणून कुठलंच म्हटलं नाही.
दहावी रेघ खोडली.

दुसऱ्या दिवशी दोऱ्या ओढायला गेलो.
थंडीत इंजिन पुन्हा पुटपुटायला लागलं,
पाऊण तास, एक तास,
माझे हात हॅलिबटात गुंतलेले.
बाबा उठले.
नील्सीनेचा हुकूम मोडत मागे गेले
आणि कुणाला झोपेतून उठवावं तशी
थ्रॉटलवर मूठ आवळली.