डावा हात

गाडीला डाव्या बाजूला काहीच नाही.
नुसती मूठ, हॉर्नचं बटण
आणि तडकलेला आरसा.
शम्सुद्दीन मिस्त्री म्हणाला, सर,
क्लच हाय की. पण आत हाय.
रेस दिली की धरतो,
सोडली की सोडतो.
तुम्ही फक्त पायानं गिअर टाका अन् गपचिप चला.

मानवतहून निघालो.
पहिल्या गिअरला बोटं मिटली. हवेवर.
दुसऱ्याला मिटली. हवेवर.
दोनच बोटं आणि अंगठा,
तरी सवय पाच जणांची.

उरलेली दोन एका म्हशीनं नेली.
दाव्याचा वेढा हातावर होता, ती उधळली,
आणि मी सोडलं नाही.
कामून सोडलं नाही, सर?
सगळे विचारतात. डॉक्टरनं विचारलं,
चौकशीच्या कागदावरही एक रकाना होता.
मी लिहिलं : अनवधानाने.

मागं कॅरिअरला नायट्रोजनचा डबा.
त्यात थिजलेले वळू,
देवणी, लाल कंधारी, मुऱ्हा,
काडीएवढे, नंबर टाकलेले.
खड्डा आला की मी त्यांच्यासाठी जपतो,
माझ्या कमरेसाठी नाही.

फाट्यावर पानटपरीची पोरं हसली,
सर, बायकांची गाडी घेतली का?
हाव, म्हणलं, बायकांचीच.
आणि तिसरा टाकला.
बोटं मिटली.

पऱ्हाट्या उपटून पडलेलं काळं रान,
दोन्हीकडं नुसत्या भेगा, ऊन,
कुठं तरी उसाला पाणी चालू असल्याचा वास.
दुधनेच्या पुलाआधी उतार आहे.
तिथं रेस सोडली
आणि कळलं, आतल्या आत
कुणीतरी हळूच पकड ढिली केली,
मला न विचारता.
इंजिन आपल्यापुरतं पुटपुटत राहिलं,
चाकं आपल्यापुरती.

तीस वर्षं जनावरांत काढली.
धरायचं कसं, ते वडिलांनी शिकवलं,
कॉलेजनं शिकवलं, लाथांनी शिकवलं.
सोडायचं कुणी शिकवलंच नाही,
ते येतच असेल असं सगळ्यांनी धरलं.

अनुसयाबाई खरवडेच्या गोठ्यात
कालवड माजावर, थांबायला तयार नाही.
बाई म्हणाली, सर, दावं मी धरते,
तुमचा हात...
द्या इकडं, म्हणलं.

तिनं हिसका दिला.
मी दिलं हातभर.
तिनं परत दिला, मी परत दिलं.
मग ती उभी राहिली, कंटाळून,
माझ्याकडं बघत,
ह्या माणसाशी भांडण्यात काही राम नाही
असं काहीतरी डोळ्यांत.

परतताना दुसऱ्या गिअरला बोटं मिटली.
तिसऱ्याला
मिटली की नाही, लक्षात नाही.
समोरून ट्रॅक्टर येत होता, वर ओळखीचं कुणी,
त्यानं हात केला,
मीही केला. डावा.