बर्फाच्या वहीची मागची पानं

पुढून लाद्यांचा हिशेब, मागून नाटकांचा.
सर्जेकोटात बर्फाच्या कारखान्यावर रात्रपाळी,
दुसरं करणार काय?

दिवाळीनंतर मालवणला तीन अंकी पाहिलं.
दोनशे रुपये तिकीट, खुर्चीचा एक हात गायब.
नवराबायको समुद्रकाठचा बंगला विकायला येतात
आणि विकत नाहीत, एवढीच गोष्ट.
बाई चांगली होती. गप्प राहायची तेव्हा जास्त चांगली.
पण लाटांचा आवाज टेप लावून काढलेला,
आणि आमचा समुद्र भिंतीपलीकडे दीडशे पावलांवर
ताटकळत उभा, तिकीट न मिळाल्यासारखा.
मध्यंतरात मी त्याला भेटून आलो.
शेरा : बरं. खिडकी उघडी ठेवायला हवी होती.

मग जत्रेतला दशावतार.
राजा झालेला भिकाजी चिंदरकर दिवसा रिक्षा चालवतो,
सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडलेला आहे.
रात्री दोनला लाइट गेली. पखवाज थांबला नाही.
काळोखातून आवाज आला :
"प्रधानजी, आमच्या राज्यात सूर्यसुद्धा
हल्ली न विचारता मावळतो?"
कुणीतरी हसत बॅटरी पेटवली, मग वीस मोबाइल.
त्या हलत्या उजेडात मुकुटाचा पुठ्ठा दिसला,
मिशीचा डिंक दिसला,
तरी मी मांडी सावरून बसलो, राजासमोर बसावं तसा.
शेरा लिहिलाच नाही. पान कोरं सोडलं,
नंतर त्यावर कुणाच्या तरी सुरमईचं वजन आलं.

परवा शाळेच्या पडवीत चादर बांधून
आमच्याच बंदरावरचा माहितीपट.
ती पोरं दोन वर्षांमागे आली होती. भली होती,
जेवली की आपापलं ताट घासायची.
पाण्याचा रंग त्यांनी सुंदर धरलाय,
इतका, की त्यात मासळी उरली नाही हे पटेना.

मध्यावर कुठेतरी रुक्मा आडकर जाळं तुणते.
सगळे ओरडले, रुक्मा! रुक्मा!
मी नाही ओरडलो. मी तेव्हा तिथेच होतो.
जाळं त्या दिवशी धड होतं.
पोरगा म्हणाला, काकी, जरा तुणून दाखवाल?
तिने माझ्याकडे पाहिलं, सुरी मागून घेतली,
चार घरं कापली,
आणि मग तुणायला बसली.
कापताना कॅमेरा बंद होता.

शेरा : खोटं.
मग ते खोडलं. गाठी तर खऱ्याच मारल्या तिने,
अजून सुटलेल्या नाहीत.
मग खोडलेलंही पुन्हा लिहिलं,
कारण सुरी माझी होती.

खेळ संपल्यावर विचारलं, कसा वाटला गो?
"माजे हात म्हातारे झाले रे.
माका कोणी सांगूकच नाय."
आणि चादरीच्या गाठी सोडायला लागली.
चादर तिच्याच घरची.
उजव्या कोपऱ्यात हळदीचा जुना डाग,
चाळीस मिनिटं मी त्याला
मावळतीचा सूर्य समजत होतो.