सतरा नंबरचं डुक्कर

लोक नाक मुठीत धरून नोकरी करतात,
मी पुढं काढून.
पगार नाकाचा, बाकीचा मी फुकट.

मिचम, सन चोपन्न. सतरा नंबरच्या परसात
मिसेस ॲस्क्यूचं डुक्कर. नाव क्लेमंट.
तक्रार कुंपणापलीकडच्या पिकरिंगची:
निळी शाई, तीन पानं, ‘असह्य’ चार वेळा.

वही उघडली. निचरा नाही. माश्या आहेत.
कुंपणापासून अंतर, माझी अकरा पावलं.
ती म्हणाली, युद्धात ह्याच्या आजीला
बटाट्याच्या साली कोण आणून टाकायचं,
विचारा त्याला.
आणि नाताळात मांडीचा तुकडा
कुणाच्या ताटात गेला, तेही.

वहीत त्याला रकाना नाही.
मी सात दिवसांची नोटीस दिली, तिनं चहा.
कपात नाक घातलं तरी
क्लेमंट होताच.

आठव्या दिवशी खोपट चुन्यानं पांढरंफेक,
रिकामं. लिहिलं: उपद्रव दूर.
पिकरिंग कुंपणाशी उभा,
हातात बादली, सालींनी भरलेली,
टोपी काढावी की नको अशा बेतात.

हिल्डा अजून मला
बूट दाराबाहेरच काढायला लावते.