प्रश्न सतरा, पुन्हा एक्केचाळीस

उद्यमबागेत आमची फाउंड्री. वरच्या मजल्यावर
पत्र्याच्या खोलीत चार संगणक, पाचव्याचा माऊस चालत नाही.
गुरुवारी दहाला मी पोरांना आत घेते,
मोबाइल ट्रेमध्ये ठेवून घेते
आणि पाठ झालेलं वाक्य म्हणते:
इथं बरोबर-चूक असं काही नसतं, मनाला येईल ते उत्तर द्या.
दिवसातलं हे पहिलं खोटं. त्याचा पगार मिळतो.

शंभर प्रश्न, कन्नडात नाहीतर इंग्रजीत.
मराठीचं बटण नाही; कुणी अडलंच
तर खुर्चीमागं उभी राहून हळूच सांगते.
'प्रामाणिकते' तेवढं सांगावं लागत नाही,
शेवटच्या अक्षरापुरताच फरक.

सातेरी मुतगेकर. आयटीआय, टर्नर, वय चोवीस.
शर्ट इस्त्रीचा, खिशाला कधीकाळच्या ग्रीसचा डाग.
सतराव्यावर थांबला.
'ताई, हे काय विचारूलेत?'
वाचून दाखवलं: कामाच्या ठिकाणाहून न विचारता
काही घरी नेलंय का कधी?
'नेलंय की,' तो म्हणाला
आणि वेळ विचारल्यावर सांगावी तसं 'हो' दाबून टाकलं.

मला सांगता आलं असतं.
तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीत
सतराला मी 'कधीच नाही' म्हटलं होतं.
एक्केचाळीसला तोच प्रश्न उलटा कोट घालून आला, तेव्हाही.
आणि त्रेसष्टला, जिथं गोडीनं विचारतात
की थोडंफार सगळेच नेतात, असं वाटतं ना तुम्हाला,
तिथंही: छे, कुणीच नेत नाही.
यंत्राला ठाम माणसं आवडतात.
ब्याण्णव पडले.

सांगितलं नाही. वर कॅमेरा होता.
असं मी म्हणते.

एक्केचाळीस: हो. त्रेसष्ट: हो, थोडंफार.
मध्येच, कुणी विचारलं नसताना, मान वळवून म्हणाला,
'बेअरिंगच्या गोळ्या वो. सात.
भंगारात पडलेलं बेअरिंग.
भाच्याला गोट्या पाहिजे होत्या.
आता गल्लीत कोण त्याच्याशी खेळत नाही,
बाकीच्यांच्या काचेच्या फुटतात.'

निकाल लगेच येतो.
उत्तरांतली सुसंगती: शंभर टक्के.
म्हणजे यंत्रानं त्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला.
त्याखाली लाल पट्टी. सचोटी: निम्न. शिफारस नाही.

खाली फेटलिंगमध्ये यल्लाप्पा
पंपाच्या थंड झालेल्या कवचाला हातोडी मारून कान देतो.
खणखणलं तर माल, बद्द वाजलं तर बाजूला.
बत्तीस वर्षं हेच. त्याचं उदाहरण द्यायला बरं वाटतं,
पण त्याचाही डावा कान गेलाय,
आणि गेल्या महिन्यात कोईमतूरहून
आतून पोकळ निघालेले अकरा नग परत आले.
एवढंच, की बद्द वाजलेलं लोखंड
तो पुन्हा भट्टीत टाकतो.
त्याला कळवतो म्हणून घरी धाडत नाही.

संध्याकाळी दुसऱ्या रेल्वे गेटाला फाटक पडलेलं.
मालगाडी संपता संपेना. शेजारी स्कूटर बंद झाली: सातेरी.
'ताई, माझं काय झालं वो?'
'मेल येईल,' म्हटलं. मेल मीच पाठवते. पाठवून झाला होता.
तो ओठातल्या ओठात डबे मोजत राहिला,
एकतीसपर्यंत मलाही ऐकू आले.
मग म्हणाला, 'तुमाला किती पडले होते?'

ब्याण्णव.

'बाब्बो,' तो म्हणाला, अगदी मनापासून,
आणि फाटक वर गेलं.